साळसकरांची शिडी आणि साळसकरांचं कार्ड

तुळशीदास साळसकर अजून जन्मालाच आलेले नाहीत, ही बातमी त्यांना वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी परळच्या एका बँकेत, एसीच्या बरोबर खाली बसलेले असताना कळली.

बातमी देणाऱ्या शेफाली मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी संगणकाकडे पाहिलं, साळसकरांकडे पाहिलं, पुन्हा संगणकाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "काका, तुमचा क्रेडिट स्कोअर उणे एक येतोय."

"कितीपैकी?" साळसकरांनी विचारलं.

"नऊशेपैकी."

गणितात साळसकर कच्चे होते, पण इतके नव्हते. शाळेत त्यांना भोपळा मिळाला होता, पण भोपळ्याच्याही खाली कुणी ढकललं नव्हतं. मॅडमनी मग समजावून सांगितलं, की त्यांनी जन्मात कधी कर्ज घेतलं नाही, हप्ता भरला नाही, कार्ड वापरलं नाही, त्यामुळे त्यांची कुठे नोंदच नाही. "म्हणजे सिस्टीमच्या दृष्टीने तुम्ही... नाहीच आहात."

आता हे दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर एक वेळ चाललं असतं. साळसकर गेली तीस वर्षं महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसत होते. नोंद नाही म्हणजे जन्म नाही, हे वाक्य त्यांनी इतक्या लोकांना ऐकवलं होतं, की त्यातल्या निम्म्यांचे शाप फळले असते तरी ते कधीच वारले असते. समोरच्याने एक कागद आणला की दुसरा मागायचा आणि त्याने तोही आणला, की "खिडकी बंद झाली, उद्या या" म्हणून फळी ओढायची, ही त्यांची कामाची पद्धत. त्याच पद्धतीने एका पोरीने त्यांच्या तोंडावर फळी ओढली होती.

बरं, ते स्वतःसाठी गेलेच नव्हते. त्यांची मुलगी दर्शना आणि जावई मयूर चिंचपोकळीला दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांत राहत होते. दोघांनी पोटाला चिमटा काढून वडाळ्याला एक वन आरके बघितलं होतं आणि दोन लाख टोकन देऊन बसले होते. दोघांच्या पगारावर पुरेसं कर्ज बसत नव्हतं, म्हणून वडिलांना सहकर्जदार करायचं ठरलं. बिल्डर दिवाळीपर्यंत थांबायला तयार होता. दिवाळीनंतर घर दुसऱ्याला आणि टोकन बिल्डरला. साळसकर सही ठोकायला नवा शर्ट घालून गेले होते.

"ज्यानं कधी कुणाचे दहा पैसे ठेवले नाहीत, त्याच्यावर तुमचा विश्वास नाही?" त्यांनी विचारलं.

"काका, तुम्ही घेतलेच नाहीत, तर परत कराल हे आम्हाला कसं कळणार?" मॅडम म्हणाल्या. त्यांच्याकडे उपाय मात्र होता. दोन लाखांची मुदत ठेव ठेवायची, तिच्यावर एक लाख ऐंशी हजारांचं क्रेडिट कार्ड घ्यायचं, सहा महिने वापरायचं, बिलं वेळेवर भरायची. म्हणजे दिवाळीपर्यंत स्कोअर जन्माला येईल. एप्रिल चालू होता.

कार्ड आलं आणि पहिली अडचण उभी राहिली. साळसकरांना काही लागतच नव्हतं. बायको सीमा भाजी रोखीने आणायची, वाणी कार्ड बघून हसला, न्हाव्याने ते हातात घेऊन पाठीमागून बघितलं आणि परत दिलं. शेवटी ते मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये गेले. त्यांचे वडील त्याच जागी अठ्ठावीस वर्षं साचा, म्हणजे माग, चालवत होते आणि आत जाताना त्यांची कधी कुणी झडती घेतली नव्हती. तीन तास फिरून साळसकरांनी तिथे एक कंगवा घेतला. डोक्यावर तेवढंही काम उरलं नव्हतं.

"असा कंगवा-कंगवा करशील तर तुझी पोर म्हातारी होईल," असं कुशाबा तळेकर म्हणाले. कुशाबा समोरच्या खोलीत राहत, निवृत्त होते आणि चाळीतल्या प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडे दुसऱ्याच्या खर्चाचा उपाय असे. "अरे तुळशीदास, तुला लागत नाही, पण चाळीला लागतंय ना? लोक तुझ्या कार्डावर वस्तू घेतील, तुला रोख देतील. तू बिल भर. तुझा स्कोअर वाढला, लोकांची सोय झाली. आपली शिडी नाही का फिरत? तसंच."

इथे शिडीबद्दल सांगायलाच हवं. लालबागच्या सुंदरबाई चाळीत चौदा पायऱ्यांची एक सागवानी शिडी होती. ती साळसकरांच्या वडिलांनी मिल बंद पडली तेव्हा लिलावातून आणली होती, म्हणून ती साळसकरांची शिडी. साळसकरांच्या घरी ती गेल्या चाळीस वर्षांत एकूण चाळीस दिवसही नसेल. आज या खोलीत, उद्या त्या खोलीत. नेणाऱ्याने विचारायचं नाही, परत आणायचीही नाही. पुढच्याने शोधत जायचं, असा नियम होता. चाळीत वस्तू मालकाची नसते, गरजवंताची असते. पण चाळीस वर्षांत शिडीची एक पायरी तुटली नव्हती की कुणी ती विकून खाल्ली नव्हती. तेव्हा कुशाबांचं म्हणणं साळसकरांना एकदम पटलं, आणि इथेच त्यांचं नशीब जिन्यावरून घसरलं.

पहिला महिना झकास गेला. खालच्या मजल्यावरच्या विकासने मिक्सर घेतला आणि मोजून रोख पैसे आणून दिले. साळसकरांनी बिल भरलं आणि पावतीची झेरॉक्स काढून देव्हाऱ्यात ठेवली. कर्ज काढणं इतकं सात्त्विक असतं हे त्यांना माहीतच नव्हतं.

मग सोनूबाईंनी डीप फ्रीझर घेतला. सोनूबाई तळमजल्यावर राहत आणि लालबागच्या बाजारात मासळी विकत. फ्रीझर चौतीस हजारांचा. "भाऊ, रोख नाय माझ्याकडं, पण तुमचा पैसा बुडवनार नाय. दर बुधवारी नि रविवारी म्हावरा पाठवीन, त्यात वळता करा," त्या म्हणाल्या. साळसकरांच्या तोंडाला आधी पाणी सुटलं आणि मग होकार सुटला. मे महिनाभर घरात सुरमई आली. जूनमध्ये पावसाळी मासेमारीबंदीने होड्या बंद झाल्या, तेव्हा सोनूबाईंनी फ्रीझरमधली पापलेटं पाठवली, पण बंदीतल्या भावाने. चार पापलेटांत कर्ज इतकं भराभर फिटू लागलं, की साळसकरांना खाताना घास लागे. मग श्रावण लागला. श्रावणात साळसकर मासे खात नसत, म्हणजे हप्ता स्वीकारण्याची सोय राहिली नाही. श्रावणानंतर गणपती, गणपतीनंतर पितृपक्ष, त्यानंतर नवरात्र. सोनूबाईंनी दर बुधवारी दारात येऊन अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "आज चालंल काय?" साळसकर दर बुधवारी नाही म्हणाले. कर्जदार द्यायला उभा आणि धनको धर्मामुळे घेत नाही, असा व्यवहार बँकांच्या इतिहासात झाला नसेल. शिवाय बँकेला पापलेट चालत नव्हतं.

कुशाबांनी त्रेचाळीस इंची टीव्ही घेतला. तो त्यांच्या भिंतीवर लागला, पण त्यांनी जाहीर केलं, की तो चाळीचा टीव्ही आहे, सबब बावीस खोल्यांनी वर्गणी द्यावी. बावीस खोल्यांचं म्हणणं पडलं, की आम्ही खिडकीतून बघतो, आणि खिडकीतून बघितलेल्याची वर्गणी नसते. यावर दोन बैठका झाल्या. दोन्ही बैठकांचा चहा साळसकरांकडे झाला.

आणि मग विकासने ऑनलाइन खरेदीचा शोध लावला. कार्डाचा नंबर त्याने एकदा उतरवून घेतला, आणि शिडी जशी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते तसा तो नंबर गेला. फक्त ओटीपी साळसकरांच्या फोनवर यायचा. म्हणून सकाळी दात घासताना वरून हाक यायची, "काकाऽऽ, ओटीपी!" की साळसकर तोंडातला फेस सांभाळत गॅलरीत येऊन खणखणीत आवाजात सहा आकडे सांगायचे. त्यांच्या आवाजाला सरकारी खिडकीचं वळण होतं, त्यामुळे आकडा एकदाच सांगावा लागे. ओटीपी कुणालाही सांगू नका, असं बँक प्रत्येक निरोपात लिहायची. ते साळसकरांनी वाचलं होतं. पण चाळ म्हणजे काय 'कुणीही' आहे? पलीकडच्या खोलीतल्या बाळंतिणीला नऊ दिवस साळसकरांकडून पेज जात होती, आणि तिला सहा आकडे द्यायचे नाहीत म्हणजे कमालच झाली.

जुलैत बिल आलं एक लाख चाळीस हजारांचं. साळसकरांनी बोट ठेवून शून्यं मोजली. तेवढ्यात त्यांना खालची ओळ दिसली: किमान देय रक्कम, सात हजार. त्यांचे डोळे भरून आले. बँकेला माणसाची अडचण कळते म्हणायची. एवढ्यावर एवढंच मागितलं! त्यांनी पगारातून सात हजार भरले, मुदतीच्या दोन दिवस आधी भरले आणि मनात शेफाली मॅडमना आशीर्वाद दिला. ऑगस्टात पुन्हा, सप्टेंबरात पुन्हा. एकवीस हजार भरून झाल्यावर त्यांनी सहज एकूण रक्कम बघितली. एक लाख छत्तीस हजार होती.

ते तडक बँकेत गेले. "मॅडम, माझे सतरा हजार कुठे पडलेत का बघा," ते म्हणाले.

पडले नव्हते. ते व्याज होतं, महिन्याला साडेतीन टक्के, आणि वर त्या व्याजावरचा कर. मॅडमनी वहीत आकडे मांडून दाखवले आणि साळसकर एसीखाली घामाघूम झाले. "काका, तुम्ही एकही तारीख चुकवली नाही, हे फार चांगलं आहे. पण मर्यादेच्या जवळ कर्ज चिकटलेलं असलं, की स्कोअर पडतो. वसुबारसेच्या आदल्या दिवशी तुमचं पुढचं स्टेटमेंट निघेल. त्याच्या आत सगळं भरा, पण ठेव मोडू नका, कार्डच बंद होईल. नाहीतर सहकर्जदार म्हणून तुमचं नाव मी पुढे पाठवू शकणार नाही."

घरी येऊन त्यांनी हे सीमाला सांगितलं नाही. दर्शनाचा फोन आला, "बाबा, झालं ना हो तुमच्या स्कोअरचं? मयूरने पडद्यांचं माप पण घेतलंय," तेव्हा ते "चाललंय चाललंय" म्हणाले. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. मुलीने आयुष्यात बापाकडे मागितली काय, तर एक सही.

विकासचा सल्ला तयार होता: पगाराच्या खात्यावर ओव्हरड्राफ्ट काढायचा, त्याने कार्ड भरायचं, मग दुसऱ्या बँकेचं कार्ड घेऊन ओव्हरड्राफ्ट भरायचा. "असं फिरवत राहायचं काका. जमिनीवर पडलं नाही म्हणजे झालं." साळसकरांना हे पटायला लागलं होतं, यावरून त्यांची अवस्था ओळखावी.

सरळ मार्ग म्हणजे लोकांकडे पैसे मागणं. ते त्यांनी करून पाहिलं. ज्याने कधी उसनं घेतलं नाही त्याला उसनं मागताही येत नाही, हे त्यांना दारोदार फिरून कळलं. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलेलं वाक्य घेऊन ते कुशाबांकडे गेले, आणि क्रिकेट बघून, चिवडा खाऊन परत आले. बाळंतिणीच्या घरी गेले, तिथे बाळाच्या हातावर शंभर रुपये ठेवून आले. सोनूबाईंकडे त्यांनी "ते आपलं फ्रीझरचं..." एवढं तोंडातून काढलं.

"बरं आठवन केलंत भाऊ!" सोनूबाई म्हणाल्या. "त्यो रातभर घुर्र करतंय. कंपनीला फोन करा. बिल तुमच्या नावावर हाय ना." साळसकर दोन दिवस कंपनीला फोन करत होते.

नवरा कंपनीला फोन करतोय हे ऐकून सीमाने बिल मागितलं. तिने ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. रागावली की ती मालवणीत शिरायची, आणि मालवणीत शिरली की चाळीतली मांजरंसुद्धा जिन्याखाली जायची.

"मॉप झाला तुमचा समाजकार्य! चेडवाचा घर जातला आणि तुमी हंयसर आकडे वरडतास?"

"लेकीचं घर कशाला जाईल? अगं, लोक देतील. आपली शिडी नाही का..."

"शिडी!" असं म्हणून सीमा थांबली. मग ती पदर खोचून बाहेर गेली.

दिवाळीला आठ दिवस होते. सुंदरबाई चाळीच्या खोल्या बारा फूट उंच, त्यावर माळे, माळ्यांवर वर्षभराची अडगळ. शिडीशिवाय माळा झाडता येत नाही, कंदील टांगता येत नाही, आणि चौकातला चाळीचा मोठा कंदील तर मुळीच नाही. समोरच्या चाळीचा तोपर्यंत लागलाही होता. शिडी त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर होती. सीमाने ती एकटीने उचलली, खाली आणली आणि आपल्या खोलीत घातली. चौदा पायऱ्यांची शिडी दहा फुटी खोलीत मावत नाही, म्हणून ती कोपऱ्यातून तिरपी गेली आणि तिच्या चार पायऱ्या खिडकीतून चौकावर बाहेर आल्या. सीमाने ती पलंगाला साखळीने बांधली, कुलूप घातलं आणि बाहेरच्या पायऱ्यांवर साळसकरांचे लेंगे वाळत टाकले.

मग गॅलरीत उभी राहून ती म्हणाली, "आयका रे सगळ्यांनी! शिडी गावाची नाय. कार्डाचे पैसे हाडा, शिडी न्हेवा!"

चाळ हसली. दुसऱ्या दिवशी कमी हसली. डेकोरेटरकडच्या शिड्या दिवाळीपर्यंत बुक झाल्या होत्या. विकासने टेबलावर स्टूल, स्टुलावर टीव्हीचं खोकं ठेवून माळ्यावर चढायचा प्रयत्न केला, आणि खोकं साळसकरांच्याच कार्डावर घेतलेलं असल्यामुळे की काय, ते ऐन वेळी बसलं. विकास दारात मासळी घेऊन आलेल्या सोनूबाईंच्या टोपलीत पडला. सोनूबाईंनी त्याला बाहेर काढायच्या आधी बोंबील मोजले.

कुशाबा शिष्टमंडळ घेऊन आले. साळसकर शिडीखाली वाकून बसले होते, कारण खोलीत सरळ बसायला जागा उरली नव्हती. "वहिनी, हा चाळीच्या परंपरेवर घाला आहे," कुशाबा म्हणाले.

"परंपरा त्रेचाळीस इंची आसा मां?" सीमाने विचारलं. "एकोणतीस हजार."

तिसऱ्या दिवशी सोनूबाई आल्या. खोचलेल्या पदराच्या गाठीतून त्यांनी नोटा काढल्या आणि सीमाने पुढे केलेल्या ताटलीत ठेवल्या. "खाल्लेला म्हावरा वजा केलाय," त्या म्हणाल्या, "पर बंदीचा भाव नाय लावला, नेहमीचा लावला. भाऊ तोंडानं बोलले असते तर कवाच दिले असते. मागितल्याशिवाय कोन देतो वो?" नोटांना सुरमईचा वास होता. साळसकरांनी आयुष्यात इतका सुंदर वास घेतला नव्हता.

सोनूबाई शिडी घेऊन गेल्या असत्या, पण सीमा म्हणाली, सगळे फिटल्याशिवाय कुलूप निघणार नाही. त्यामुळे पुढची वसुली सोनूबाईंनीच हाती घेतली, आणि त्या कामाला त्यांच्या आवाजाइतका योग्य आवाज लालबागेत दुसरा नव्हता. खिडकीतून टीव्ही बघणाऱ्यांनी खिडकीच्या दराने वर्गणी दिली. कुशाबांनी राहिलेली रक्कम पेन्शनमधून काढून दिली आणि तीन दिवस कुणाला सल्ला दिला नाही. विकासने कार्डावर घेतलेला नवा फोन विकला. व्याजाचे सतरा हजार राहिले, तेव्हा सीमाने ते चाळीस वर्षांचं शिडीचं भाडं म्हणून बावीस खोल्यांवर बसवले. कुणी चकार शब्द काढला नाही, कारण खाली चौकात मोठा कंदील जमिनीवर बसून होता आणि समोरच्या चाळीतली माणसं तो मुद्दाम बघायला येत होती.

शेवटी अठराशे नव्वद रुपये उरले. मे महिन्यातली खरेदी होती. कुणी ती आपली म्हणेना. सोनूबाईंची प्रत्येकाला देवाची शपथ घालून झाली.

सीमाने कपाटाच्या वरून एक खोकं काढलं. आत एक कंदील होता, घडीचा, जरीच्या कडेचा. "माजो आसा," ती खाली बघून म्हणाली. "चेडवाच्या नव्या घराक. तुमीच वरडलास त्याचो आकडो." कर्जाचं काही ठरायच्या आधीच सीमाने मुलीच्या वडाळ्याच्या दारात दिवा लावून ठेवला होता. साळसकरांनी पाकिटातून अठराशे नव्वद रुपये काढून ताटलीत ठेवले आणि उगाचच नाक शिंकरलं.

पैसे भरले गेले. स्टेटमेंटवर शून्य आलं. धनत्रयोदशीला सकाळी शेफाली मॅडमनी संगणक फिरवून दाखवला. "सातशे अठ्ठेचाळीस! काका, अभिनंदन. आता तुम्ही आहात."

साळसकरांनी सही केली. एकदा नाही, छत्तीस ठिकाणी केली. कर्ज पंधरा वर्षांचं होतं. दर्शनाने शेजारून त्यांचा दंड घट्ट धरला होता. ज्या माणसाने कुणाचे दहा पैसे ठेवले नव्हते, तो आता सत्तराव्या वर्षापर्यंत देणेकरी होता, आणि त्याला त्याचा आनंद झाला होता. वर मॅडमनी सांगितलं, की त्यांच्या उत्तम वापरामुळे कार्डाची मर्यादा तीन लाख करता येईल. साळसकर चप्पल न शोधता उठले.

संध्याकाळी घरचा कंदील लावायला ते उभे राहिले, तेव्हा शिडी अर्थातच नव्हती. कुलूप निघाल्यापासून ती चार खोल्या फिरून पाचव्या खोलीत गेली होती. शेवटी गॅलरीत टेबलावर स्टूल ठेवून साळसकर चढले आणि सीमाने स्टूल धरलं. एवढ्यात त्यांच्या खिशात फोन वाजला आणि वरून ओळखीची हाक आली.

"काकाऽऽ, ओटीपी आला काय?"

साळसकरांनी एका हाताने कंदील धरून दुसऱ्या हाताने फोन बघितला. सहा आकडे होते. त्यांनी मान वर केली आणि तीस वर्षं परक्यांसाठी राखून ठेवलेला आवाज पहिल्यांदाच चाळीत काढला.

"खिडकी बंद झाली! उद्या या!"

सीमा इतकी हसायला लागली, की स्टूल हलायला लागलं.

"अगं, नीट धर गं बाई," साळसकर वरून ओरडले. "एप्रिलमध्ये मी जन्मलोच नव्हतो. आता पंधरा वर्षं मला मरायची परवानगी नाही!"